परवाना, पिशवी आणि नोंदवही

१९८०च्या जानेवारीत पुण्यात नीलिमकुमार खैरे ७२ विषारी सापांसोबत काचेच्या खोलीत ७२ तास राहिले. छेडल्याशिवाय साप चावत नाही, हे त्यांना लोकांच्या डोळ्यांदेखत दाखवायचे होते. पुढे १९८६मध्ये त्यांच्याच पुढाकाराने कात्रजचे सर्पोद्यान उभे राहिले आणि ते पाहत महाराष्ट्रात सर्पमित्रांची एक अख्खी पिढी घडली. साप दिसला की काठी शोधायची, ही रीत मोडण्यात या पिढीचा वाटा फार मोठा आहे. आज तालुक्याच्या गावात साप निघाला तर कुणाला फोन करायचा हे लोकांना ठाऊक असते, ते यांच्यामुळेच.

मात्र आज ज्यांना घरून हे काम सुरू करायचे आहे, त्यांनी त्या धाडसाचे अनुकरण करू नये. मधल्या काळात कायदा कडक झाला आणि सापांविषयीची समजही बदलली. आता या कामाचा श्रीगणेशा वनविभागाच्या कार्यालयात होतो. एक गोष्ट आरंभीच पक्की करून टाकावी. घरातून बचावाचे काम चालवता येते, घरात वन्य साप ठेवता येत नाही. घरात फोन असावा, साहित्याची पिशवी असावी, नोंदवही असावी आणि योग्य माणसांचे क्रमांक असावेत. काचपेट्या आणि बरण्यांची मांडणी तिथे नको.

कायदा याबाबतीत संदिग्ध नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ नुसार ‘शिकार’ म्हणजे केवळ मारणे नव्हे. पकडणे, सापळा लावणे, हुसकावणे हेही त्याच व्याख्येत येते. त्यामुळे परवानगीशिवाय, चांगल्या हेतूने पकडलेला नागही कागदावर शिकारच ठरू शकतो. २०२२ साली या कायद्यात झालेली सुधारणा १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली आणि नाग, घोणस, धामण, दिवड यांसारखे रोज भेटणारे साप अजगर व घोरपडीच्या बरोबरीने पहिल्या अनुसूचीत आले. या अनुसूचीतल्या प्राण्याबाबतच्या गुन्ह्याला किमान ३ आणि कमाल ७ वर्षे कैद आहे, शिवाय किमान २५,००० रुपये दंड. बाकीचे बहुतेक देशी सापही संरक्षितच आहेत. कलम ३९ प्रमाणे वन्य प्राणी सरकारची मालमत्ता असतो आणि तो ताब्यात आला की ४८ तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्याला किंवा अधिकृत अधिकाऱ्याला कळवावे लागते. या ४८ तासांचा सर्रास चुकीचा अर्थ लावला जातो. दोन दिवस साप घरी ठेवायला हरकत नाही, असे सांगणारे जागोजागी भेटतात. ती मुदत कळवण्याची आहे. बाळगण्याची मुभा तिच्यातून मिळत नाही.

‘रेस्क्यू सेंटर’ अशी पाटी लावण्याचा मोह तर अगदीच टाळावा. कायद्याच्या व्याख्येत बचाव केंद्र हे प्राणिसंग्रहालयात मोडते आणि केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाच्या मान्यतेविना ते चालवता येत नाही. त्यासाठी जागा, पशुवैद्यक, विलगीकरण कक्ष, कर्मचारी असे सगळे लागते. दोन खोल्यांच्या घरात ते होणे नाही.

मग परवानगी कशी मिळवायची? आपल्या भागाच्या वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांना आधी भेटावे. त्यांच्यामार्फत उपवनसंरक्षकांकडे अर्ज जातो. जिल्ह्यागणिक पद्धत थोडी वेगळी असते, पण ओळखीचे व पत्त्याचे पुरावे, पोलिसांकडचा चारित्र्य दाखला, अनुभवी सर्पमित्राकडे किंवा संस्थेत घेतलेल्या प्रशिक्षणाची माहिती आणि कोणत्या गावांत काम करणार याचा स्पष्ट उल्लेख, एवढी तयारी करून गेले तर बोलणे पुढे सरकते. जिल्ह्यात मानद वन्यजीव रक्षक असतात, त्यांचीही भेट घ्यावी. ओळखपत्र मिळाले तरी त्यावर काय लिहिले आहे ते नीट वाचावे. कोणत्या हद्दीत, कोणत्या मुदतीपर्यंत, कुणाला कळवून, हे सगळे त्यात महत्त्वाचे असते. शेजारच्या जिल्ह्यातल्या मित्राचे कार्ड खिशात असून भागत नाही.

केरळने ही व्यवस्था बरीच पुढे नेली आहे, पण त्यामागे एक भीषण प्रकरण आहे. २०२० साली कोल्लम जिल्ह्यात एका तरुणाने साप पकडणाऱ्याकडून नाग विकत घेतला आणि झोपेतल्या पत्नीला त्याचा दंश घडवून तिचा खून केला. २०२१मध्ये त्याला दुहेरी जन्मठेप झाली. पकडलेला साप कुठे जातो याची नोंद कुणाकडेच नसते, हे त्या खटल्याने सगळ्यांसमोर आणले. केरळ वनविभागाने २०२०मध्येच साप पकडणाऱ्यांसाठी प्रशिक्षण आणि प्रमाणपत्राची अट घातली. पाठोपाठ ‘सर्पा’ हे मोबाइल ॲप आले. त्यावर नागरिकाला जवळचा प्रमाणित सर्पमित्र सापडतो आणि बचाव ते मुक्तता असा प्रत्येक टप्पा विभागाला दिसतो. महाराष्ट्रात असे ॲप असो वा नसो, कुणालाही ही शिस्त स्वतःपुरती पाळता येते, आणि पाळलीच पाहिजे.

त्याच केरळमधले वावा सुरेश हे देशभर गाजलेले नाव. हजारो साप त्यांनी पकडले. ३१ जानेवारी २०२२ रोजी कोट्टायम जिल्ह्यात शेपटीला धरलेला नाग पोत्यात घालताना तो गुडघ्याच्या वर चावला आणि सुरेश मृत्यूच्या दारातून परतले. इतका अनुभव गाठीशी असलेल्या माणसाबाबत हे घडते, कारण उघड्या हाताने, गर्दीच्या मधोमध, पोत्याचे तोंड दुसऱ्या हाताने उघडून साप आत घालणे ही पद्धतच घातक आहे. आता शिकवली जाते ती पिशवी आणि पाइपची रीत. रुंद तोंडाच्या कापडी पिशवीला प्लास्टिकचा पाइप घट्ट बांधायचा, तो भिंतीच्या कडेला अंधाऱ्या बिळासारखा ठेवायचा आणि हुकाने सापाला हळूच त्या दिशेला वळवायचे. साप आडोसा शोधतच असतो, तो आपणहून आत शिरतो. मग लांबूनच पिशवीला पीळ देऊन गाठ मारायची आणि पिशवी झाकणाला भोके पाडलेल्या मजबूत डब्यात ठेवायची. यात मानेला हात लागत नाही, कॅमेऱ्यासमोर फणा डोलत नाही, बघ्यांची निराशा होते. काम चोख झाल्याची हीच खूण समजावी.

साहित्य फार महाग नाही. चांगला हूक, पाइप, दुहेरी शिवणीच्या दोन-तीन कापडी पिशव्या, हवेशीर डबा, जाड तळाचे घोट्यावरचे बूट, डोक्याला लावायचा टॉर्च आणि बोथट टोकाची कात्री. चिमटा जपून वापरावा. तो जोरात आवळला तर सापाच्या बरगड्या मोडतात, आणि ही इजा बाहेरून दिसत नाही.

खरे तर बरेचसे कॉल फोनवरच मिटतात, मिटायला हवेत. समोरच्याला सुरक्षित अंतरावरून फोटो पाठवायला सांगावे, मुलांना आणि कुत्र्याला दूर न्यायला सांगावे, एका माणसाने नजर ठेवावी. अंगणातून जाणारी धामण थोड्या वेळाने आपल्या वाटेने निघून जाते, तिला पकडण्याचे कारणच नसते. न्हाणीघरातले ‘सापाचे पिल्लू’ पुष्कळदा वाळा निघते, आणि ‘पायवाला साप’ म्हणजे सापसुरळी. ओळख मात्र पक्की हवी, कारण काही चुका जिवावर बेततात. कवड्याला मण्यार समजले तर बिचारा कवड्या मरतो, मण्यारीला कवड्या समजले तर माणूस. कवड्याचे पट्टे मानेपाशीच ठळक असतात आणि शेपटीकडे पुसट होत जातात. मण्यारीच्या अंगावर मानेजवळचा भाग बहुधा कोरा असतो आणि पुढे बारीक पांढरे पट्टे जोडीजोडीने येतात. घोणशीला अजगराचे पिल्लू किंवा डुरक्या घोणस समजून हातात घेणाऱ्यांचे अपघात तर वर्षानुवर्षे होत आले आहेत. शंका असेल तेव्हा साप विषारी धरूनच चालावे.

दंशाची तयारी आधी, कॉल नंतर. २००० ते २०१९ या काळाचा अभ्यास सांगतो की भारतात सर्पदंशाने दरवर्षी सरासरी ५८,००० माणसे दगावली. केंद्र सरकारने मार्च २०२४मध्ये राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला, त्यात २०३०पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणण्याचे उद्दिष्ट आहे. महाडला डॉ. हिंमतराव बावस्करांनी आणि नारायणगावला डॉ. सदानंद राऊत यांनी दाखवून दिले की ग्रामीण भागातही दंशाचे रुग्ण वाचतात. अट एकच, ते वेळेत पोहोचले पाहिजेत. म्हणून काम सुरू करण्याआधीच स्वतःच्या परिसरात प्रतिविष नेमके कुठे मिळते, कृत्रिम श्वसनयंत्र कुठे आहे, रात्री तिथे डॉक्टर असतात का, हे प्रत्यक्ष जाऊन विचारून यावे. भारतातले प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांच्या विषावर बनते. सह्याद्रीतल्या चापड्याच्या दंशावर ते लागू पडत नाही, हे घाटमाथ्यावर काम करणाऱ्याला ठाऊक हवे. दंश झालाच तर आवळपट्टी नको, चीर नको, चोखणे नको. अंगठी, कडे, घड्याळ काढावे, हात किंवा पाय न हलेल असा ठेवावा, वेळ लक्षात ठेवावी आणि १०८ला फोन करावा. मण्यारीचा दंश कित्येकदा दुखतही नाही, खूणही जेमतेम दिसते, म्हणून ‘काही झाले नाही’ म्हणत घरी थांबू नये. कॉलवर कधीही एकट्याने जाऊ नये, ते यासाठीच.

जखमी सापाची गोष्ट वेगळी. इथे घाई नडते. सगळ्यात जास्त वेळ खाणारा प्रसंग म्हणजे शेताच्या किंवा बागेच्या नायलॉन जाळीत अडकलेली धामण. उंदरामागे ती जाळीत शिरते, मागे फिरायला जाते तसे धागे खवल्यांखाली रुततात, आणि ती जितकी धडपडते तितका फास आवळतो. अशा वेळी जाळी ओढायची नाही. आधी भोवतालची जाळी मोठ्या तुकड्यात कापून सापासकट सावलीत आणावी. एकाने डोके पारदर्शक पाइपमध्ये अडवावे, अंगावर ओले सुती कापड टाकावे. दुसऱ्याने कात्रीचे बोथट पाते कातडीकडे ठेवून जिथे धागा सैल आहे तिथून एकेक पीळ कापत जावे. सर्वांत रुतलेला वेढा शेवटी घ्यावा. धागा कधी कधी सुजलेल्या मांसाच्या घडीत पार दिसेनासा होतो. तिथे बोट फिरवले की तो हाताला लागतो, पण तो तिथल्या तिथे उकरण्यापेक्षा पशुवैद्यकाकडे न्यावे. जाळी निघाली की धामण तरतरीत दिसते आणि लोक म्हणतात, सोडून द्या आता. अंगावर फक्त वळ असतील, कातडी शाबूत असेल आणि हालचाल नीट असेल तर सोडायला हरकत नाही. पण वेढ्याच्या पुढचे-मागचे अंग सुजलेले असेल, कातडी फाटलेली असेल, तर रक्तपुरवठा तुटलेला भाग काही दिवसांनी सडू शकतो. अशा धामणीला वनविभागाच्या उपचार केंद्रात देखरेखीखालीच ठेवावे लागते. जखमेवर हळद, डेटॉल, चुना यांतले काहीही लावू नये. निर्जंतुक सलाइनने धुवावी, एवढे पुरे. उंदराच्या चिकट सापळ्याला चिकटलेला साप असेल तर खाद्यतेल लावून गोंद हळूहळू सोडवावा. दूध तर कोणत्याच सापाला पाजू नये.

पशुवैद्यकाची निवड हा या कामाचा कणा आहे. गाई-म्हशींचे किंवा कुत्र्या-मांजरांचे उत्तम डॉक्टर सरपटणाऱ्या प्राण्यांबाबत अनुभवी असतीलच असे नाही. कुत्र्यांच्या गोचिडीवर सर्रास वापरले जाणारे आयव्हरमेक्टिन कासवाला दिले तर ते मरू शकते. सापाच्या मागच्या अर्ध्या अंगात टोचलेले औषध शरीरभर पसरण्याआधीच मूत्रपिंडाकडे जाऊ शकते, म्हणून इंजेक्शन पुढच्या भागात देतात. अंग थंड असेल तर औषधही लागू पडत नाही आणि अन्नही पचत नाही. हे जाणणारा डॉक्टर आधीच गाठून ठेवावा. नागपूरला सेमिनरी हिल्सवर वनविभागाचे वन्यजीव उपचार केंद्र आहे, पुण्यात रेस्क्यू चॅरिटेबल ट्रस्ट वनविभागासोबत उपचार केंद्र चालवते. आपल्याला जवळ कोणते पडते आणि तिथवर पोहोचायला किती वेळ लागतो, हे ठाऊक असले की मध्यरात्री गोंधळ उडत नाही. वनविभागाचा मदत क्रमांक १९२६ आहे.

साप सोडणे हे वरवर सोपे वाटणारे, पण सर्वांत दुर्लक्षित काम. पुष्कळ सर्पमित्र भलाईच्या भावनेने साप गोळा करून दूरच्या अभयारण्यात सोडतात. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात रॅटलस्नेकवर केलेला १९९९चा अभ्यास या समजुतीला धक्का देतो. दूर नेऊन सोडलेल्या सापांतले निम्म्याहून अधिक मेले, तर मूळ ठिकाणीच राहिलेल्यांत मृत्यूचे प्रमाण कितीतरी कमी होते. सापाला आपल्या परिसरातली बिळे, पाणी, उन्हाची जागा माहीत असते. अनोळखी रानात तो भटकत राहतो आणि रस्त्यावर किंवा मुंगसाच्या तोंडी सापडतो. म्हणून जिथे सापडला त्याच्या शक्य तितक्या जवळ, त्याच प्रकारच्या अधिवासात आणि शक्यतो त्याच दिवशी सोडावा, अर्थात वनविभागाने सांगितलेल्या पद्धतीने. एका पिशवीत दोन साप कधीच नकोत. माइट्स, बुरशी, जंतू एकाकडून दुसऱ्याकडे जातात आणि सुटलेला साप ते रानात नेतो. पिशव्याही प्रत्येक वेळी उकळत्या पाण्यात धुवून उन्हात वाळवाव्यात. नुकताच भक्ष्य गिळलेला साप हाताळला तर तो ते ओकून टाकतो, त्याची आठवड्याची कमाई जाते. सापाचे पोट फुगलेले दिसले आणि जागा सुरक्षित असेल तर त्याला तसेच राहू द्यावे.

अंड्यांचे कॉलही येतात, विशेषतः बांधकामाच्या खोदाईत. ती घरी उबवून पिल्लांचे फोटो टाकण्याची हौस दांडगी असते, पण तीही परवानगीची बाब आहे. वनविभागाला कळवावे. हलवावीच लागली तर पेन्सिलीने वरच्या बाजूला खूण करून ती बाजू वरच राहील अशी उचलावीत. अंडे उलटले तर आतला जीव मरू शकतो.

शहरात कासवांचेही फोन येतात. दुकानातून आणलेले रुपयाएवढे हिरवे, कानामागे लाल पट्टा असलेले पिल्लू चार-पाच वर्षांत जेवणाच्या ताटलीएवढे होते आणि घरच्यांना नकोसे वाटते. हे अमेरिकेतले रेड-इअर्ड स्लायडर, जगातल्या सर्वांत उपद्रवी शंभर परकीय प्रजातींच्या यादीतले. ते तळ्यात सोडणे म्हणजे तिथल्या देशी कासवांच्या तोंडचा घास काढणे. या पिल्लांपासून मुलांना साल्मोनेला होतो म्हणून अमेरिकेने १९७५मध्येच चार इंचांहून लहान कासवांची विक्री थांबवली होती. अशा परदेशी, कायदेशीररीत्या पाळता येणाऱ्या प्राण्यांचा सांभाळ मात्र घरी करता येतो, आणि ज्यांना खरोखर प्राणी ठेवून सेवा करायची आहे त्यांनी तेच करावे. इग्वाना आणि बॉल पायथन यांसारखे आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या साइट्स करारातले प्राणी असतील तर २०२४च्या नियमांनुसार ते ताब्यात आल्यापासून ३० दिवसांत परिवेश पोर्टलवर नोंदवावे लागतात. कासवांना आणि इग्वानाला अतिनील किरणांचा दिवा, तापमानाचा चढउतार असलेली मोठी पेटी आणि कॅल्शियम लागते. एवढे न जमले तर हाडे ठिसूळ होऊन प्राणी वाकडा होतो. चांदण्या पाठीचे तारा कासव मात्र कधीच घरी ठेवता येत नाही. ते पहिल्या अनुसूचीत आहे, सापडले की वनविभागाकडेच.

बाजारात तारा कासव, मांडूळ किंवा घोरपडीचे अवयव विकायला दिसले की ‘निदान हा एक जीव तरी वाचवू’ म्हणून पैसे काढावेसे वाटतात. ते करू नये. विकत घेणारा गुन्ह्यात सामील होतो आणि विक्रेत्याला पुढच्या फेरीचे भांडवल मिळते. जागा, वेळ, माणसाचे वर्णन वनविभागाला द्यावे. ‘हाथा जोडी’ नावाची मुळी म्हणून विकली जाणारी वस्तू प्रत्यक्षात घोरपडीच्या नराचे जननेंद्रिय असते, हे घरोघरी सांगितले तरी मोठे काम होईल.

शेवटी कागद आणि घर. नोंदवहीत तारीख, वेळ, फोन करणाऱ्याचे नाव, ठिकाण, साप कोणता, लांबी, स्थिती, कुठे सोडला किंवा कुणाकडे दिला आणि वनविभागाला कधी कळवले, हे रकाने असावेत. दर महिन्याला तिची प्रत वनपरिक्षेत्र कार्यालयात देऊन पोच घ्यावी. मृत साप किंवा सापळ्यांचा विषय असेल तर पंचनामा वनरक्षकाकडूनच होऊ द्यावा. बचावासाठी पैसे मागू नयेत. प्रवासखर्च कुणी स्वखुशीने दिला तर लिहून ठेवावा. देणग्या घ्यायच्या असतील तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखाली न्यास नोंदवावा. स्वतःच्या आरोग्य विम्यात सर्पदंश धरला आहे का, हे पॉलिसी उघडून तपासावे. व्हिडिओ काढायचेच तर ते साप ओळखायला शिकवणारे असावेत. साप गळ्यात घालून टाकलेली चित्रफीत स्वतःविरुद्धचा पुरावा ठरू शकते.

आणि घरच्यांशी आधी बोलावे. पावसाळ्यात रात्री दोनला फोन वाजतो, पहाटे पाचला परत वाजतो. एकट्याने हे वर्षभर झेपत नाही. त्यामुळे आसपासच्या दोन-तीन परवानाधारक सर्पमित्रांशी वाटून घ्यावे, कुणाची रात्र कोणती, कुणाची गावे कोणती, आणि ती वाटणी ग्रामपंचायतीच्या फलकावर क्रमांकांसह लावावी.